गच्चीवरची मिरची

मुंबईतल्या काळाचौकीहून आम्ही बोलतो आहोत. आम्ही म्हणजे बारा जणींचा बचत गट. तुमच्याकडच्या गटांसारखाच, महिन्याला बैठक, वही, शिक्का, कर्जाचा हप्ता आणि थोडीफार भांडणं. फरक एवढाच की तुमची बैठक देवळात नाहीतर अंगणात होते आणि आमची चाळीच्या गॅलरीत, येणाऱ्याजाणाऱ्याला वाट देत देत.

काळाचौकी म्हणजे गिरणगाव. इकडे लालबाग, तिकडे शिवडी, पलीकडे कॉटन ग्रीन. त्या स्टेशनाच्या नावातच कापूस आहे. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि त्यातले पुष्कळ परत आत गेलेच नाहीत. तेव्हा घरं चालवली ती बायकांनी. कुणी खानावळीचे डबे वाढवले, कुणी पापड लाटले, कुणी घरकाम धरलं. त्याआधीच, १९७५ साली, प्रेमाताई पुरव यांनी खानावळवाल्या बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं. सावकाराऐवजी बँकेकडे जायचं, हे आमच्या सासवांनी तिथूनच पाहिलं. आता आमच्या इथल्या इंडिया युनायटेड मिलच्या जागेत कापड गिरण्यांचं संग्रहालय करायचं काम काढलं आहे. खानावळीची एखादी पितळी परात त्यात ठेवतील की नाही कोण जाणे. ठेवावी.

पण आज बोलायचं आहे मसाल्याबद्दल. शहरातल्या बायका सगळं पुड्यातलं आणतात, असं तुम्हाला वाटत असेल. आमच्याकडे या, मार्च ते मे. लालबागच्या मसाला बाजारात पाय ठेवायला जागा नसते. ठाण्याहून, विरारहून, पनवेलहून बायका लोकल पकडून येतात. मिरची निवडून घ्यायची, गरम मसाला तोलून घ्यायचा, भाजून घ्यायचा आणि डोळ्यांदेखत डंखावर कुटून घ्यायचा. तुमच्याकडे काही जणी त्याला डंकन म्हणतात. नाकाला पदर लावून रांगेत उभं राहायचं, पण जागेवरून हलायचं नाही, आपला मसाला दुसरीच्या डब्यात जाऊ नये म्हणून.

आमच्या गटात निम्म्या कोकणातल्या, निम्म्या घाटावरच्या. त्यामुळे मसाला कसा असावा यावर एकमत कधीच होत नाही. मालवणच्या काकूंना त्रिफळ आणि दगडफूल हवं, साताऱ्याच्या वहिनींना कांदा-लसूण. शेवटी आम्ही दोन्ही करतो. रंगाला ब्याडगी, तिखटपणाला संकेश्वरी, आणि सुवासाला धणे सढळ हातानं. मागच्या उन्हाळ्यात आमच्या ऑर्डरी बऱ्या झाल्या. काही जणींच्या मुलांची जूनमधली वह्या-पुस्तकं त्यातूनच आली. वर्षातले हे अडीच महिने आमचे पिकाचे महिने, असं म्हणा ना.

या कामाला लागतं काय? ऊन. मिरचीला चांगलं दोन-तीन दिवसांचं कडक ऊन मिळालं नाही तर डंखावर ती नीट कुटत नाही, आणि पावसाळ्यात बरणीला बुरशी धरते. आणि ऊन मुंबईत कुठे आहे? गच्चीवर. चाळीच्या गच्चीवर जुन्या साड्या अंथरून मिरची घालायची, एकीनं कबुतरांवर लक्ष ठेवायचं, संध्याकाळी गोळा करायची. त्या राखणीच्या वेळात आमची भजनाची तालीम होते, लोकरीचं विणकाम होतं, सुनांच्या-सासवांच्या गोष्टीही होतात. हिवाळ्यापासून शिवडीच्या खाडीत रोहित पक्षी येतात, गुलाबी पंखांचे. मे महिन्यापर्यंत असतात. भरतीच्या वेळा पाहून आम्ही सगळ्या एक दिवस चालत बघायला जातो. तो बेतसुद्धा गच्चीवरच ठरतो.

आता आमच्या भागात चाळी आणि जुन्या वसाहती पाडून टॉवर होत आहेत. अभ्युदयनगरसारख्या जवळपास पन्नास इमारतींच्या म्हाडा वसाहतीच्या पुनर्विकासाची चर्चा तर वर्षानुवर्षं चालू आहे. मोठं घर, घरात संडास, लिफ्ट. आम्हाला ते हवंच आहे. चाळीतल्या सामाईक संडासाच्या रांगेचं कौतुक करणारे लोक त्या रांगेत उभे राहिलेले नसतात. पण आमच्यातल्या तिघी नव्या इमारतीत राहायला गेल्या आणि पहिल्याच उन्हाळ्यात गच्चीला कुलूप. कारण सांगितलं, सुरक्षा. मग कुणीतरी म्हणालं, तिखटाची खाट उडते, इमारतीची शोभा जाते. खिडकीत ऊन येतं तासभर, तेवढ्यात पापडसुद्धा वाळत नाही.

आम्ही म्हटलं, सोसायटीच्या सभेत हा विषय मांडू. गच्ची सामाईक असते, तिचा वापर सभेनं ठरवायचा असतो. तिथे खरी गोष्ट कळली. सभेत मत सदस्याचं. आणि सदस्य कोण? नवरा, सासरा, दीर. तिघींपैकी एकीचंही नाव घराच्या कागदावर नव्हतं. ज्यांनी आयुष्यात मिरचीचं देठ काढलं नाही त्यांनी हात वर करून ठरवलं आणि विषय संपला.

तुमच्याकडे सातबाऱ्याचं जे, तेच आमच्याकडे खोलीच्या कागदाचं. म्हणून गेलं वर्षभर बैठकीत हप्त्याच्या हिशेबानंतर आम्ही एकच प्रश्न विचारतो, कागदावर नाव कुणाचं? ज्यांचे करार अजून व्हायचे आहेत त्यांनी दोघांच्या नावानं करायचा आग्रह धरायचा. ज्यांचे झाले त्यांना सहयोगी सदस्य म्हणून नाव लावता येतं, आणि मूळ सदस्यानं लेखी संमती दिली तर त्याच्या गैरहजेरीत सभेला बसता येतं. पाच जणींच्या घरी हे झालं. दोघींच्या घरी भांडण झालं, ते अजून मिटलेलं नाही. एका घरी सासूबाईच सुनेच्या बाजूनं उभ्या राहिल्या, त्यांचंही नाव कधी कुठे नव्हतं म्हणून.

करार व्हायच्या आधीच गच्चीचा एक कोपरा वाळवणासाठी, आणि गटाला बसायला एक खोली, हे लेखी मागायचं असं ठरलं आहे. अर्ज तयार आहे. सह्या गोळा करतो आहोत, पुरुषांच्याही घेतो, त्यांनाही मटणाला मसाला लागतोच.

तोवर एक व्यवहाराची गोष्ट. ज्या गटांकडे मिरची, धणे, हळद आहे त्यांनी आमच्यासारख्या शहरातल्या गटांना थेट द्यावी असं आम्हाला वाटतं. वजनासाठी पाणी मारलेली मिरची नको, ती इथे येईपर्यंत काळी पडते. मिरची देठासकट असू द्या, टिकते; देठं आम्ही काढू. देठं आणि सुकण्यात किलोमागे शंभरेक ग्रॅम जातात, तो हिशेब आधी बोलून घेऊ. नमुना अर्धा किलो पुरे, पण फेब्रुवारी संपायच्या आत हवा. मार्चमध्ये बाजार चढतो आणि आमची गच्चीची पाळीही तेव्हाच लागते.