इचलकरंजीची 'मीरा'



तंजावरात उभे राहून मराठी माणसाच्या कर्तृत्वाविषयी बोलावयाचे म्हटले की प्रथम स्मरण होते ते सरफोजीराजांचे. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्याच दशकात त्यांनी येथे देवनागरी छापखाना घालून मराठी पुस्तक छापविले. राजांच्या पदरी द्रव्य होते, गुणी माणसे होती. आज आम्ही ज्या कारागिराची हकीकत सांगणार आहोत, त्यांच्यापाशी केवळ स्वतःचे दोन हात होते.

ते म्हणजे कोल्हापूरजवळच्या इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. शिक्षण मराठी सातवीपर्यंतचे. सामान्य गृहस्थाला परवडेल अशी लहान मोटार आपणच बांधावी, या ध्यासाने त्यांना झपाटले. १९४९ साली त्यांची पहिली, दोन माणसांची गाडी तयार झाली. तिचे नाव 'मीरा'. पुढील वीस वर्षे ते नमुन्यामागून नमुना बांधीत राहिले. १९७० च्या सुमारास कुटुंबाला पुरेल एवढी गाडी सिद्ध झाली. तिचे इंजिन मागील बाजूस होते. एका लिटर पेट्रोलमध्ये ती सुमारे २० किलोमीटर जाई, आणि किंमत योजिली होती सुमारे १२,००० रुपये!

आपल्या देशात मोटार बांधणारे शंकरराव पहिलेच नव्हेत. मद्रासला सॅम्युअल जॉन ग्रीन यांनी १९०३ साली वाफेची मोटार बांधली. पण त्यांच्या पाठीशी सिम्पसन कंपनी होती. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. त्यांना अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीचे साहाय्य होते. शंकररावांना असा आधार लाभला नाही.

एक गाडी बांधणे निराळे आणि तशाच हजारो गाड्या बांधणे निराळे, हे मान्य करावयास हवे. त्यासाठी साचे लागतात, सुटे भाग पुरविणारे लागतात, भांडवल लागते. शिवाय १९५१ च्या कायद्यान्वये मोटारीच्या कारखान्यास सरकारी परवाना आवश्यक होता. मीरा उत्पादनापर्यंत पोहोचलीच नाही. १९७५ च्या सुमारास शंकररावांनी तो नाद सोडला. जनतेची म्हणून गाजलेली लहान गाडी, मारुती, रस्त्यावर यावयास १९८३ चा डिसेंबर उजाडला, आणि तीही जपानच्या सुझुकी कंपनीच्या साहाय्याने.

ही कथा वाचताना आम्ही स्वस्थ राहू शकलो नाही, त्याचे कारण सांगतो. आमचा जन्म फायलींत गेला. तरुणपणी एका कारागिराचा अर्ज आमच्या टेबलावर आला होता. त्याने पाणी उपसण्याचे एक यंत्र बनविले होते आणि कोणीतरी येऊन ते पाहावे, एवढीच त्याची विनंती होती. 'शैक्षणिक अर्हता नमूद नाही' असा शेरा मारून आम्ही तो अर्ज परत पाठविला. शेरा नियमाला धरून होता. परंतु यंत्र पाहावयास आम्ही गेलो नाही. ते चालत होते की नाही, हे आम्हांस आजही ठाऊक नाही. तो माणूस पुन्हा आला नाही.

बंधुभगिनींनो, आपण घरापासून दूर आलेली माणसे. आपल्यापैकी पुष्कळांना येथवर आणले ते पदवीने, आणि म्हणून पदवीचे मोल आपण जाणतो. परंतु आपल्या घरातील एखादा मुलगा वा मुलगी काही खटपट करून दाखवावयास आली, तर गुणपत्रिका विचारण्यापूर्वी ती वस्तू चालते की नाही, एवढे तरी पाहावे. शंकररावांची मीरा चालत होती.