नंबराचे मोल



सरकारला पैसा लागतो. रस्ते, शाळा, दवाखाने, नोकरांचे पगार हे सारे त्यावरच चालते, आणि तो पैसा कोणाच्या तरी खिशातूनच यावा लागतो. तेव्हा एखादा कर किंवा शुल्क योग्य की अयोग्य हे ठरवताना दोन गोष्टी पाहाव्या लागतात. पैसा कोणाच्या खिशातून निघतो, ही एक. आणि त्याच्या बदल्यात सरकार नेमके काय विकते, ही दुसरी. आज मी ज्या विषयावर आपल्याशी बोलणार आहे तो वरवर पाहता गमतीचा वाटेल. मोटारीचा किंवा फटफटीचा मनपसंत नंबर सरकारने पैसे घेऊन द्यावा काय?

आमच्या दारव्ह्याला यवतमाळच्या रस्त्यावर घटकाभर उभे राहिले, तर येणाऱ्या-जाणाऱ्या बहुतेक गाड्यांवर 'एमएच २९' असे लिहिलेले दिसते. एमएच म्हणजे महाराष्ट्र, आणि २९ म्हणजे यवतमाळचे परिवहन कार्यालय, ज्याला आपण सारे आरटीओ म्हणतो. त्यापुढे मालिकेची अक्षरे आणि शेवटी चार आकडे. हे आकडे ०००१ पासून ९९९९ पर्यंत जातात. संपले की नवी मालिका उघडते. ओळीने येईल तो नंबर घेतला, तर त्या नंबराचे वेगळे पैसे पडत नाहीत. पण आंबेवाला जसा निवडक फळे वेगळ्या टोपलीत ठेवतो, तसे सरकारने या आकड्यांतून दोनशेहून अधिक आकडे बाजूला काढले आहेत. त्यांना दर लावलेले आहेत.

हे दर २०१३ नंतर एकदम ऑगस्ट २०२४ मध्ये वाढले. चारचाकीसाठी ०००१ हा नंबर हवा असेल, तर आपल्यासारख्या जिल्ह्यांत पूर्वी ३ लाख रुपये पडत, ते ५ लाख झाले. मुंबई-पुण्याकडे ४ लाखांचे ६ लाख झाले. फटफटीला तोच नंबर पाहिजे असेल तर १ लाख रुपये, म्हणजे फटफटीच्या किमतीएवढा तिचा नंबर! चालू मालिकेबाहेरचा ०००१ मागितला, तर मुंबईत १८ लाख. इतक्या पैशात चांगली मोटार येते हो. आणि एकाच नंबराला दोन गिऱ्हाइके आली, तर लिलाव होतो. जो बंद पाकिटात जास्त रकमेचा ड्राफ्ट घालील त्याला नंबर मिळतो.

हे ऐकून आपला एखादा कास्तकार सरळ विचारील, "भाऊ, गाडी नंबरावर चालते का डिझेलवर?" प्रश्न बिनतोड आहे. पण माणसाची हौस अशा प्रश्नाने थोडीच थांबते? चंडीगडला २०२२ मध्ये एका गृहस्थांनी ०००१ हा नंबर १५ लाख ४४ हजारांना घेतला, आणि तो लावला ७१ हजारांच्या स्कूटरला. केरळात एप्रिल २०२५ मध्ये ०००७ या नंबराला जवळजवळ ४६ लाख रुपये आले. कोणाला शर्यतीत पहिले असल्याचा आनंद हवा असतो, कोणाला जन्मतारीख हवी असते, कोणी आकड्यांची बेरीज नऊ येते काय ते पाहतो, आणि कोणी ०७८६ मोठ्या श्रद्धेने घेतो.

आता या हौसेवर सरकारने पैसा मिळवला तर बिघडले कोठे? माझे मत विचाराल तर, फारसे बिघडले नाही. सरकार लोकांच्या दुबळेपणावर याहून कितीतरी वाईट रीतीने पैसा मिळवत आले आहे. राज्याची लॉटरी १९६९ पासून चालू झाली. तिची तिकिटे गरिबांनीही काढली. दारूचे तर विचारूच नका. वर्ध्याला १९७४ पासून दारूबंदी आहे, गडचिरोलीला १९९३ पासून. चंद्रपूरला २०१५ मध्ये झाली आणि २०२१ मध्ये उठली. तिच्या बाजूने आणि विरुद्ध बोलताना महसुलाचा हिशेब प्रत्येक वेळी मध्ये आलाच. दारूचा पैसा सरकारच्या तिजोरीत पडतो तेव्हा कोणाच्या तरी घरची चूल थंड झालेली असते. नंबराच्या पैशाने सहसा तसे होत नाही. तो देणारा बहुधा देऊ शकणारा असतो, आणि शेजाऱ्याला त्याचा काही तोटा नाही. कर्जाचे हप्ते चालू असताना कोणी पोराच्या हट्टापायी नंबरासाठी वेगळी उसनवारी करत असेल, तर ती गोष्ट निराळी. पण तिथे समज द्यायची ती घरच्या वडीलधाऱ्यांनी.

दुसरे असे की, जिथे दर नसतो तिथे चिठ्ठी चालते. 'साहेबांचा माणूस आहे, एवढा नंबर ठेवा,' असा निरोप कोणत्या कार्यालयात जात नाही? दर भिंतीवर लागला की, ज्याला हौस आहे त्याने पैसे मोजावेत, वशिल्याचे कारण उरत नाही. कायद्यानेही याला आडकाठी नाही. मध्य प्रदेशातील असे शुल्क तेथील उच्च न्यायालयाने रद्द केले होते. परंतु २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला, आणि खास नंबर राखून ठेवण्याचा व त्यासाठी शुल्क घेण्याचा राज्याचा अधिकार मान्य केला.

लिलाव मात्र नीट व्हावा. हिमाचल प्रदेशात फेब्रुवारी २०२३ मध्ये एका नंबराला १ कोटीच्या वर बोली गेली, तीही स्कूटरसाठी. पैसे भरण्याची वेळ आली तेव्हा बोलणारा गायब! हरियाणात नोव्हेंबर २०२५ मध्ये सगळीकडे ८ हाच आकडा असलेल्या एका नंबराला १ कोटी १७ लाखांची बोली लागली, आणि तीही रक्कम भरली गेली नाही. आपल्याकडे आधी ड्राफ्ट आणि मग नंबर, ही पद्धत जुनाट दिसते खरी. पण गावच्या पोळ्यात बैलाची किंमत वाढवून सांगणारे लोक ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना तिचे शहाणपण लगेच पटेल.

इथवर मी विक्रीच्या बाजूने बोललो. आता थोडे सावकाश ऐका.

गाडीला नंबर असतो तो कोणासाठी? मालकासाठी नव्हे, मालक आपली गाडी बिननंबरानेही ओळखतो. तो नंबर असतो रस्त्याच्या कडेने चालणाऱ्या माणसासाठी. संध्याकाळी शेतातून परतणाऱ्या बाईला मागून एखादी मोटार धक्का देऊन निघून गेली, तर त्या क्षणी कायद्याच्या हाती देण्याजोगी एकच वस्तू पाहणाऱ्याजवळ असते. ती म्हणजे ते चार आकडे. ते दिसले नाहीत, वाचता आले नाहीत, तर काय होते? धडक देऊन पळालेल्या आणि न सापडलेल्या गाडीच्या बाबतीत केंद्र सरकारची एक योजना आहे. १ एप्रिल २०२२ पासून तीत मृताच्या वारसांना २ लाख रुपये आणि गंभीर जखमीला ५० हजार रुपये मिळतात. त्याआधी ही रक्कम २५ हजार आणि साडेबारा हजार होती. अर्ज उपविभागीय अधिकारी किंवा तहसीलदार यांच्याकडे करायचा असतो. ही माहिती शिक्षक-बंधूंनी गावात अवश्य सांगावी, कारण ज्यांना तिची गरज पडते त्यांना ती बहुधा ठाऊक नसते.

आता हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहा. ०००१ हा नंबर आपल्या जिल्ह्यात ५ लाखांचा. नंबर न कळलेल्या गाडीखाली माणूस गेला, तर त्याच्या घरच्यांना २ लाख.

म्हणून माझे म्हणणे असे आहे की, सरकारने आकडा विकावा, पण पाटीचे काम विकू नये. आज कायद्याने आपल्याकडे फक्त आकडा निवडता येतो. अक्षरे सरकारच ठरवते. नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून सरकारी नमुन्याची, सुरक्षित पाटी सक्तीची झाली आहे, आणि महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती बसवायला सांगितले आहे. ती का, हे आपल्या तरुण मंडळींना चांगले ठाऊक आहे! इंग्रजीतला ४१४१ थोडा वळवला की 'दादा' होतो, २१४ चा 'राम' होतो, ८०५५ इंग्रजीत 'बॉस' वाचता येतो. कल्पकता दांडगी, यात शंका नाही. वर्गातल्या वहीत दिसली असती तर मी शेरा चांगला दिला असता. पण धडक बसलेल्या माणसाने पोलिसाला काय सांगावे? 'साहेब, दादा लिहिलं होतं.' जिल्ह्यात दादा किती?

काही देशांत सरकार याच्याही पुढे गेले आहे. विलायतेत १९८९ पासून सरकार असे नंबर विकते, आणि तिथे नंबर ही मालमत्ताच झाली आहे. लोक तो घेतात, ठेवतात, चढ्या भावाने विकतात. २०१४ मध्ये एका नंबराला सर्व खर्च धरून ५ लाख १८ हजार पौंड आले. हाँगकाँगमध्ये तर २००६ पासून पाटीवर स्वतःच्या पसंतीची अक्षरे आणि शब्दही घेता येतात. आपल्याकडेही तसे करा, तिजोरी भरेल, असे सुचवणारे लोक भेटतात.

याला मात्र माझा स्पष्ट विरोध आहे. आपल्याकडे शब्द विकायला काढले, तर पहिल्या दिवशी कोणते शब्द विकले जातील याचा अंदाज करायला ज्योतिषी नको. पहिल्या जाती विकल्या जातील. मग आडनावे, मग पुढाऱ्यांची लाडकी नावे. आजही कितीतरी गाड्यांच्या मागच्या काचेवर ते लिहिलेले असते; पण ते मालकाने आपल्या पैशाने, आपल्या जबाबदारीवर लिहिलेले असते. पाटीवर आले की त्यावर सरकारचा शिक्का बसतो. याच महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२० मध्ये वाड्या-वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. वस्तीच्या फलकावरून जात पुसायची आणि मोटारीच्या पाटीवर ती लाखाला विकायची, हे एका हाताने सारवून दुसऱ्या हाताने चिखल करण्यासारखे होईल.

कोणी म्हणेल, पण आकडा विकणे म्हणजेही मोठेपणा विकणे नव्हे काय? थोडेसे आहे खरे. ०००१ ची गाडी नाक्यावर आली की हवालदाराचा हात शिट्टीकडे जाता जाता थबकतो, असा लोकांचा समज आहे; आणि नंबर घेणाऱ्यांपैकी काहींना तो समजच विकत हवा असतो. पण इथे एक गंमत आहे, पाहा. सोपा नंबर लक्षातही चटकन राहतो. ४७३८ विसरेल, ०००१ कोण विसरेल? ज्याने ५ लाख देऊन स्वतःला ठळक केले, त्याला गर्दीत लपता येत नाही. आकडा सरळ, ठसठशीत लिहिलेला असला म्हणजे झाले.

उरला पैशाचा प्रश्न. हाँगकाँगमध्ये १९७३ पासून भाग्यवान समजल्या जाणाऱ्या नंबरांचा लिलाव होतो, आणि त्याचे उत्पन्न लोककल्याणाच्या कामासाठी दिले गेले. दुबईत एप्रिल २०२३ मध्ये एक नंबर साडेपाच कोटी दिरहमला गेला, ती रक्कम भुकेल्यांच्या अन्नासाठी होती. आपल्याकडे हा पैसा राज्याच्या मोठ्या तिजोरीत मिसळतो आणि दिसेनासा होतो. माझ्या मते तो वेगळा दाखवावा आणि ज्या जिल्ह्यात जमला त्याच जिल्ह्यात रस्त्यावरच्या अपघातग्रस्तांसाठी खर्च करावा. मोठे अपघात झाले की आपल्या ग्रामीण रुग्णालयांतून 'यवतमाळला न्या, नागपूरला न्या' हेच ऐकू येते. वाटेतला तो वेळ भरून काढायला सुसज्ज रुग्णवाहिका लागते, आणि तिला पैसा लागतो. हौशी लोकांनी ती चालवायला हातभार लावला, तर त्यांची हौसही सत्कारणी लागेल.

तोवर शिक्षकांना एक सुचवतो. एमएच २९ च्या एका मालिकेत असे किती नंबर गेले आणि किती रुपये जमा झाले, हे आरटीओला माहितीच्या अधिकारात विचारता येते. हा कायदा २००५ चा आहे. उत्तर आले की नववी-दहावीच्या मुलांना शेकडेवारीचे जिवंत गणित मिळेल. अर्ज साध्या कागदावर चालतो. त्यावर दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावायला विसरू नका.