मुलाला स्वतःचा संगणक केव्हां द्यावा ?

(महोत्सवानिमित्त देवरी येथें भरलेल्या पालकसभेंत केलेलें भाषण)



महोत्सवाच्या कार्यक्रमपत्रिकेंत आमच्या नांवापुढें ‘दोन शब्द’ असें छापलें आहे. दोन शब्दांत आटोपणारा धर्मगुरु तुम्हीं अद्याप पाहिला नसेल; तरी जेवणाची पंगत बसण्यापूर्वीं आम्ही खालीं बसूं, एवढें वचन देतों. सकाळीं आपल्या वडीलधाऱ्यांनीं जुन्या दिवसांच्या आठवणी सांगितल्या. आम्ही पुढच्या दिवसांचा एक प्रश्न घेतों, कारण तो गेलीं कित्येक वर्षें आमच्या ओसरीवर येऊन बसत आहे आणि उत्तर घेतल्यावांचून उठत नाहीं. लहान मुलाला स्वतःचा संगणक केव्हां द्यावा ?

गेल्या जानेवारींत, धानाचे पैसे हातीं आल्यावर, एक गृहस्थ सपत्नीक आमच्याकडे आले. त्यांचें नांव सांगत नाहीं. तुम्हीहि एकमेकांकडे पाहूं नये. ते म्हणाले, “फादर, धाकट्याला लॅपटॉप घ्यावा म्हणतो. नागपुरात त्याच्या मामेभावाकडे आहे.” धाकटा इयत्ता दुसरींत. आम्हीं विचारिलें, “त्याला कशाला हवा ?” ते म्हणाले, “मागे पडू नये म्हणून.” त्यांची पत्नी दाराशीं उभी होती. बऱ्याच वेळानें ती हळूच म्हणाली, “मोठी दहावीत आहे, फादर. तिला ह्यांचा फोन रात्री नऊनंतर मिळतो.”

‘मागे पडू नये’ ह्या तीन शब्दांस आम्ही हंसत नाहीं. आपलें देवरी नागपूर-रायपूर महामार्गावर आहे. दिवसरात्र मालमोटारी येथून जातात, आणि जग आपल्या दारावरून जातें, थांबत मात्र नाहीं, असें येथील बापाला वाटलें तर त्यांत नवल तें काय ? ज्याला स्वतःला शाळा अर्ध्यावर सोडावी लागली, तो मुलासाठीं धानाचे पैसे काढून ठेवतो. ही माया आहे. परंतु माया आंधळी असली म्हणजे काय होतें, हें आम्ही स्वतःच्या अनुभवावरून जाणतों, आणि ती चूक आज ह्या सभेंत सांगणें आम्हांस प्राप्त आहे.

२०२० सालच्या मार्चांत शाळा बंद झाल्या. जुलैमध्यें सह्याद्री वाहिनीवर ‘टिलीमिली’ ही मुलांसाठीं मालिका सुरू झाली, ती उपयुक्त होती. पण ज्या झोपडींत दूरदर्शनसंच नाहीं तेथें तिचा लाभ कसा पोंचणार? अभ्यास फोनवर येऊं लागला. चिचगड-ककोडीकडील टोल्यांतून मुलें रेंजसाठीं झाडाखालून झाडाखालीं हिंडत. तेव्हां आम्हीं ओळखीच्या लोकांकडून जुने फोन व टॅब्लेट गोळा केले आणि मोठ्या उत्साहानें वांटले. मुलाचें वय काय, घरीं दिवसा कोण असतें, ह्याची चौकशी आम्हीं केली नाहीं. मोजदाद मात्र केली, आणि वरिष्ठांस अहवालहि पाठविला !

त्यांतील एक टॅब्लेट आठ वर्षांच्या एका मुलाच्या हातीं गेला. त्याचे आईबाप पावसाळ्यांत रोवणीला, पुढें कापणीला, आणि उन्हाळा लागला कीं पहाटे मोहफुलें वेंचावयास व नंतर तेंदुपानें तोडावयास जात. मूल आणि तें यंत्र, अशीं दोघेंच घरांत. शाळा पुन्हां उघडल्या तेव्हां तो वर्गांत झोंपूं लागला. रात्रीं यंत्र काढून घेतलें तर भिंतीवर डोकें आपटून घेई. अखेर एका संध्याकाळीं त्याचा बाप दुपट्ट्यांत गुंडाळलेला टॅब्लेट घेऊन आला, आमच्या मेजावर ठेवून म्हणाला, “हे तुमचं तुमच्याजवळ ठेवा, फादर. पोरगा आमच्याशी बोलत नाही आता.” तो रागावला असता तर आम्हांस बरें वाटलें असतें.

असो. त्यानंतर आम्हीं ह्या विषयाचें जें मिळेल तें वाचूं लागलों. वाचतां वाचतां आपल्याच महाराष्ट्रांतील एक जुनी हकीकत सांपडली. रायगड जिल्ह्यांत कर्जत तालुक्यांत खैरात नांवाचें खेडें आहे. तेथें एकशिक्षकी शाळा होती. पहिली ते चौथीचीं बावीस मुलें. २००७ सालीं त्या प्रत्येक मुलाला स्वतःचा संगणक मिळाला. निकोलस निग्रोपाँटी नांवाच्या अमेरिकन प्राध्यापकानें ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ अशी चळवळ काढली होती. तिचीं यंत्रें हिरवींपांढरीं, वर सशाच्या कानांसारख्या दोन पात्या, आणि उन्हांतहि वाचतां येईल असा पडदा. शंभर डॉलरांस यंत्र देऊं असें म्हणत, प्रत्यक्षांत दुपटीच्या जवळ पडलें. चळवळीचीं तत्त्वें ठरलेलीं होतीं : मूल सहा ते बारा वर्षांचें असावें, आणि यंत्राची मालकी मुलाचीच असावी. म्हणजे आमच्या ओसरीवरच्या प्रश्नाचें त्यांनीं सरळच उत्तर देऊन टाकलें होतें. आमच्या केंद्रीय शिक्षणखात्यानें मात्र आदल्याच वर्षीं ती योजना नाकारली होती. शाळाखोल्या व शिक्षक ह्यांची निकड अधिक आहे, असें त्याचें म्हणणें. सरकारी नकार आम्हांस सहसा आवडत नाहींत, पण ह्या नकारांत शहाणपण होतें.

खैरातच्या त्या मुलांचीं छायाचित्रें आम्हीं पाहिलीं आहेत. यंत्र मांडीवर घेऊन तीं दाटीवाटीनें बसलीं आहेत आणि चेहऱ्यांवर आनंद आहे. तो आनंद खोटा म्हणतां येत नाहीं. परंतु त्या खोलींत बावीस मुलांना नांवानिशीं ओळखणारा एक गुरुजी होता, हें विसरूं नये. जेथें तशी ओळख नव्हती, तेथें काय झालें ? दक्षिण अमेरिकेंत पेरू नांवाचा देश आहे (मुलांनो, हंसूं नका, फळाविषयीं बोलत नाहीं). तेथील सरकारनें त्याच चळवळीचीं आठ लाखांहून अधिक यंत्रें मुलांना दिलीं. २०१२ सालीं ३१९ खेड्यांतील शाळांची पाहणी प्रसिद्ध झाली. यंत्रें पोंचलीं होतीं, मुलें तीं वापरीतहि होतीं. कांहीं बुद्धिचाचण्यांत तीं थोडीं पुढें गेलीं. पण गणित व भाषा ह्यांत सुधारणा आढळली नाहीं. पेटी दिली, शिकविण्याची रीत तीच राहिली. तो वृत्तांत वाचून आम्हांस आमचा तो अहवाल आठवला, ज्यांत आम्हीं फोनांची संख्या लिहून पाठविली होती.

आतां वयाची गोष्ट. तुम्ही म्हणाल, डॉक्टरांनीं कांहीं सांगितलें असेलच. सांगितलें आहे. जागतिक आरोग्य संघटनेनें २०१९ सालीं ठरविलें कीं, वर्षाच्या आंतील बालकास पडदा मुळींच दाखवूं नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलास दिवसाकांठीं एक तासाहून अधिक नको. भारतांतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेंहि दोन वर्षांपर्यंत मुळींच नको, पांचापर्यंत एक तास व तोहि मोठ्यांच्या देखत, दहापर्यंत दोन तासांच्या आंत, असें सांगितलें आहे. ऑस्ट्रेलियानें तर १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांस समाजमाध्यमांवर खातें ठेवण्यास कायद्यानेंच मनाई केली. हे नियम उपयोगाचे आहेत. पण ते पडद्याचे तास सांगतात किंवा खात्याचें वय सांगतात. यंत्र ‘माझें’ केव्हां म्हणावें, हें ते सांगत नाहींत, आणि आमच्या मतें खरी मेख त्या ‘माझें’ ह्या शब्दांतच आहे.

पाटी माझी, दप्तर माझें, हें मुलानें म्हणणें योग्यच. पाटीला दुसरें टोंक नसतें. संगणकाला आणि फोनला दुसरें टोंक असतें. तेथें अनोळखी माणसें बसलेलीं असतात, आणि मुलानें डोळे वर करूं नयेत ह्यासाठीं तीं पगार घेऊन काम करितात. आपल्या घराची विहीर आपण दुसरीतल्या पोराच्या नांवावर करितों काय ? पाणी तो पितो, हळूहळू दोर ओढावयासहि शिकतो, पण कांठावर कोणी मोठें उभें असतें. संगणक असा घराचा असावा. ओसरींत, येणाऱ्याजाणाऱ्यास पडदा दिसेल अशा रीतीनें ठेवावा. रात्रीं तो तेथेंच राहावा, मुलाच्या अंथरुणांत जाऊं नये. आणि ज्याला अभ्यासाची गरज अधिक त्याचा हक्क पहिला, मग ती मुलगी कां असेना. आम्ही हें मुद्दाम म्हणतों, कारण ह्या गांवांत आम्हीं मुलाच्या नांवानें आणलेलीं यंत्रें पुष्कळ पाहिलीं. मुलीच्या नांवानें आणलेलें अजून एकहि पाहिलें नाहीं.

‘मग स्वतःचा केव्हां ?’ आंकडाच विचाराल तर आम्ही आठवी-नववीच्या अलीकडचें वय सांगणार नाहीं. पण आंकड्यापेक्षां आम्हांस एक खूण अधिक भरंवशाची वाटते : मधेंच हांक मारली असतां मूल स्वतःच्या हातानें यंत्र बंद करून येतें कीं नाहीं. येत नसेल, तर तें सोळा वर्षांचें असलें तरी थांबावें.

ह्यावर धर्मशिक्षणाच्या वर्गांतील एका चतुर मुलानें आम्हांस कोंडींत पकडलें. तो म्हणाला, “फादर, संत कार्लोकडे तर लहानपणापासून संगणक होता !” खरें आहे. १९९१ सालीं जन्मलेला आणि २००६ सालीं अवघ्या पंधराव्या वर्षीं वारलेला कार्लो अकुतिस, ज्याला ७ सप्टेंबर २०२५ रोजीं संतपद मिळालें, तो लहान वयांतच संगणकाची भाषा शिकला होता. आम्हीं त्या मुलाला विचारिलें, “तो खेळ किती खेळे, ठाऊक आहे ?” आठवड्यांत एक तास, आणि ही मर्यादा त्यानें स्वतःच स्वतःला घालून घेतली होती असें सांगतात. उरलेल्या वेळांत तो संगणकावर कांहींतरी घडवीत असे. मुलगा गप्प बसला. पण त्याच्या चेहऱ्यावरून तो पुढच्या रविवारीं नवीन मुद्दा आणील असें दिसलें.

मर्यादा मुलांनींच पाळावी आणि आपण मोकाट असावें, असेंहि चालणार नाहीं. सांगली जिल्ह्यांतील मोहित्यांचे वडगांव ह्या गांवानें २०२२ सालच्या ऑगस्टांत ठराव केला. रोज संध्याकाळीं सात वाजतां मंदिरावरचा भोंगा वाजतो, आणि दीड तास घरोघरचे फोन व दूरदर्शनसंच बंद. त्यांत मोठ्यांचेहि आले. येथें तसा भोंगा लावावा असें मनांत आलें होतें; पण झावळ्यांच्या रविवारीं वेदीजवळ ज्याचा फोन वाजला तो धर्मगुरु कोण होता, हें तुम्ही सारे जाणतां. तेव्हां तो विषय तूर्त राहूं द्या.

त्या गृहस्थांनीं शेवटीं गोंदियाहून एक जुना संगणक आणला. तो त्यांच्या पुढच्या खोलींत, देवाच्या तसबिरीखालीं आहे. मोठीनें त्यावर दहावीचा अभ्यास केला. ती उठल्यावर धाकट्याला अर्धा तास मिळतो, तोहि आजोबा शेजारीं बसल्यावर. त्यानें आजोबांच्या सर्व बकऱ्यांचीं नांवें त्यावर लिहून काढलीं आहेत. गृहस्थांचें पूर्ण समाधान मात्र झालेलें नाहीं. मामेभावाचा लॅपटॉप नवा आहे, ही सल अजून आहे.

आणि तो टॅब्लेटवाला मुलगा आतां चौदा वर्षांचा आहे. त्याला आमच्याशीं बोलावयास दोन वर्षें लागलीं. हल्ली तो शनिवारीं चार वाजतां आमच्या कचेरींतील संगणकावर येऊन बसतो. आम्हीहि शेजारीं खुर्ची घेऊन बसतों, जरी त्याला आमच्याहून पुष्कळ अधिक समजतें. हें भाषण आम्हीं हातानें लिहिलें आणि पुस्तिकेसाठीं टंकलेखन त्यानें केलें. त्याची गोष्ट सांगावी कीं नाहीं, हें आम्हीं त्याला आधीं विचारलें होतें. तो म्हणाला, “नाव नका सांगू. बाकी सांगा.”