सराफाच्या दुकानातील मासे

“एका तोळ्यात बारा मासे,” असे सराफाने सांगताच बापाबरोबर आलेल्या पोराने भाबडेपणाने विचारावे, “मग पाणी कुठे आहे?” विनोद पोरकट खरा, पण हसू आवरत नाही.

ऐकणाऱ्याचे मन नेहमी शब्दाच्या चार पावले पुढे चालत असते. सराफ, सोने, तोळा हे कानी पडल्यावर ‘मासा’ म्हणजे वजन, हे त्याने ठरवूनच टाकलेले असते. तोच दुसरा मासा शेपटी आपटीत मध्ये येऊन पडतो. वास्तविक या दोघांचे नाते काहीच नाही. वजनाचा मासा संस्कृत ‘माष’ म्हणजे उडीद यापासून आला, पाण्यातला ‘मत्स्या’पासून. मराठीने दोघांना घासूनपुसून एकरूप केले आणि कोटीकाराची सोय झाली!

अशा कोट्यांत जनावरेच फार, कारण जनावर डोळ्यांपुढे चटकन उभे राहते. ग्वाल्हेरीस नव्याने आलेल्या मराठी पाहुण्याला शेजारी म्हणतो, “बेचारे पर तरस आता है.” शेजाऱ्याच्या मनात दया, पाहुण्याच्या डोळ्यांपुढे मात्र रानातले तरस! दया आणि तरस यांत जितके अंतर, तितके हसू मोठे.

व्याकरणही दोन्हीकडे जुळले, तर कोटी अधिक रंगते. हरणांनी शर्यत लावली, तर त्यांच्या नशिबी हरणेच येणार. येथे नाम आणि क्रियापद यांत एका मात्रेचाही फरक नाही. संस्कृत पंडितही या खेळापासून दूर राहिले नाहीत. एका प्रसिद्ध कूटश्लोकात केशव पडल्याने द्रोणाला हर्ष होतो आणि कौरव रडतात. उलगडा केला, तर ‘के शवम्’ म्हणजे पाण्यात पडलेले प्रेत, द्रोण म्हणजे डोमकावळा आणि कौरव म्हणजे कोल्हे. प्रेत पाण्यात गेल्यावर कोल्ह्यांनी रडायचे नाही तर काय करायचे?

मात्र दोन शब्दांपैकी एक मेला, की कोटीही मरते. दशमान वजनांचा कायदा 1956 साली झाला आणि पुढे बाजारातून तोळे-मासे अधिकृतपणे गेले. ग्रॅम शिकलेल्या मुलाला मासा एकच ठाऊक. सराफाच्या दुकानातील पाण्याचा प्रश्न त्याला आधी समजावून द्यावा लागतो आणि तोवर हसण्याची वेळ टळलेली असते. ‘प्रकृती तोळामासा आहे’ असे घरातली वडील माणसे म्हणतात, तेवढ्यापुरता तो जुना मासा अजून तग धरून आहे.