ताजमहालातले मिकी कोरिया

गारखेड्यात वरात निघाली की बँडमधली क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोन आपण ऐकतोच. हीच वाद्यं घेऊन मुंबईच्या जाझमध्ये नाव कमावलं ते मिकी कोरिया यांनी. कुटुंब मूळ गोव्याचं, जन्म १९१३ चा, आफ्रिकेतल्या मोंबासातला, वाढले कराचीत.

१९३५ मध्ये लिऑन अ‍ॅबी यांचा कृष्णवर्णीय अमेरिकन वादकांचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला आणि शहराला जाझची गोडी लागली. १९३९ पासून तिथल्या बँडची धुरा मिकींकडे आली, ती सुमारे दोन दशकं त्यांच्याकडेच राहिली. स्वातंत्र्याच्या मध्यरात्रीही ताजमध्ये त्यांचा बँड वाजत होता. पुढे दारूबंदी आली, नाचाच्या रात्री ओसरल्या आणि अनेक गोवेकर वादक सिनेमाकडे वळले. आपल्या पुणतांब्याच्या संगीतकार सी. रामचंद्रांनी त्यांच्यापैकी चिक चॉकलेट या ट्रम्पेटवादकाला १९५१ च्या ‘अलबेला’त थेट पडद्यावरच आणलं! बाकीच्यांची नावं मात्र श्रेयनामावलीतही क्वचितच झळकली, हे खटकतं.

मिकी २०११ मध्ये गेले. त्यांची कन्या ख्रिस्टीन कोरिया अमेरिकेत जाझ गायिका आहेत.