करणारा कोण?



सॉफ्टवेअर इंजिनिअर वसमतला आला की त्याला पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘भाईजान, मोबाइल हँग होतोय, जरा बघता का?’ आज सकाळपासून तीन मोबाइल बघून झालेत. एक सुधारला. तो कसा सुधारला हे मलाही माहीत नाही, तेव्हा आमच्या धंद्याबद्दल फार आदर बाळगू नका.

सुरुवात भूकंपापासून करतो. १० जुलै २०२४ ची सकाळ तुम्हाला आठवत असेल. सव्वासातच्या सुमारास भांडी हलली, लोक रस्त्यावर आले. ४.५ रिश्टरचा धक्का होता, नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. आपल्या तालुक्यात पांगरा शिंदेला तर कित्येक वर्षं जमिनीतून आवाज येतात, त्यामुळे भीती आपल्याकडे आधीच घरात बसलेली आहे. तिला निमित्तच लागतं. मी पुण्यात होतो. दुपारी अम्मीचा फोन आला, आज रात्री याहून मोठा धक्का येणार आहे, नासाने सांगितलंय, आम्ही सगळे बाहेर झोपणार. भर पावसाळ्यात. मी म्हटलं, ‘अम्मी, मेसेज किसने भेजा?’ ती म्हणाली, ‘थांब, नाव लिहिलंय त्यावर.’ आणि वाचून सांगितलं, ‘फॉरवर्डेड ने.’

मी हसलो. नंतर वाटलं, अम्मीने चूक काय केली? तिने नाव शोधलं. बाकीच्यांनी तेही केलं नव्हतं. भूकंप अमुक वाजता होणार हे जगातली कुठलीही संस्था सांगू शकत नाही, नासाही नाही. पण त्या रात्री अर्धा मोहल्ला ओसरीवर होता आणि तो ज्याच्यामुळे होता त्याचं नाव होतं फॉरवर्डेड.

मी मराठी शाळेत शिकलो. आमचे मराठीचे सर वाक्यातला कर्ता ओळखायची एक युक्ती सांगायचे. धातूला ‘णारा’ लावा आणि ‘कोण?’ विचारा. ‘राम आंबा खातो.’ खाणारा कोण? राम. संपलं. इंजिनिअरिंगची चार वर्षं आणि नोकरीची दहा-बारा वर्षं यांत मी जे शिकलो त्यातलं बरंचसं विसरलो, पण तंत्रज्ञानाची बातमी वाचताना ही आठवीतली युक्ती मला अजून कामाला येते. कारण या बातम्या एका खास मराठीत लिहिलेल्या असतात. ‘अ‍ॅप तयार करण्यात आले.’ ‘व्हिडिओ व्हायरल झाला.’ ‘इंटरनेट सेवा बंद करण्यात आली.’ ‘अल्गोरिदमने दाखवले.’ ‘एआयमुळे नोकऱ्या गेल्या.’ जणू काही हे सगळं मृगाच्या पावसासारखं आपोआप येतं. सर असते तर खडू फेकून मारला असता.

आधी आपल्याच घरातलं उदाहरण घेऊ, म्हणजे पुढचं बोलायला तोंड राहील. नील आर्मस्ट्राँगने चंद्रावर अजान ऐकली आणि परत येऊन इस्लाम स्वीकारला, हा मेसेज तुमच्यापैकी किती जणांना आलाय? हात वर करा. बघा, हॉलचे पंखे झाकले गेले. मी लहानपणी हे इंटरनेटशिवाय ऐकलंय, म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपला सगळा दोष देता येत नाही. आर्मस्ट्राँगने ही गोष्ट स्वतः नाकारली होती. १९८३ मध्ये तर अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याला आपल्या वकिलातींना तसं लेखी कळवावं लागलं. दुसरा मेसेज चंद्राचे दोन तुकडे झाल्याच्या भेगेचा. तो फोटो खरा आहे, १९६९ मध्ये अपोलो १० ने काढलेला. ती सुमारे ३०० किलोमीटर लांबीची एक घळ आहे, चंद्राला आरपार चिरणारी भेग नाही. आता माझा प्रश्न असा, की ज्याचा ईमान मजबूत आहे त्याला नासाचं सर्टिफिकेट कशाला लागतं? आणि आपल्या बाजूची खोटी गोष्ट आपण आनंदाने पुढे पाठवत असू, तर आपल्याविरुद्धची खोटी गोष्ट पाठवणाऱ्याला थांबवायचं कुठल्या तोंडाने?

आता गंमत. अमेरिकेत अ‍ॅमेझॉनने अशी दुकानं काढली, जिथे माल उचला आणि चालू लागा, पैसे आपोआप कापले जातील. कॅमेरे आणि एआय सगळं करतात म्हणे. २०२४ मध्ये बातम्या आल्या की त्या खरेदीचे व्हिडिओ तपासायला सुमारे हजार माणसं भारतात बसलेली होती. कंपनीने सांगितलं की आकडे बरोबर नाहीत, ही माणसं मुख्यतः यंत्राला शिकवण्यासाठी व्हिडिओंवर खुणा करतात, काही थोड्या खरेदींची खात्री करतात. असेल. म्हणजे माणसं होती एवढं तरी कबूल. कापणारा कोण, तर यंत्र. आणि यंत्राला केळी आणि अननसातला फरक सांगणारा कोण, तर आपल्यासारखाच कुणीतरी, रात्रपाळीत चहा पीत बसलेला. ‘एआय नोकऱ्या खाणार’ ही बातमी वाचतानाही मी हेच विचारतो. खाणारा कोण? नोकरीवरून काढण्याच्या पत्रावर एआयची सही मी अजून बघितलेली नाही. तिथे एका माणसाची सही असते, आणि तो माणूस त्या तिमाहीचा हिशेब बघून सही करतो.

अल्गोरिदमचंही तसंच. लोक हा शब्द नशिबासारखा वापरतात. आम्ही तो लिहितो, म्हणून सांगतो, त्यात आकडे असतात आणि ते आकडे कुणीतरी टेबलावर बसून ठरवलेले असतात. २०१७ पासून काही काळ फेसबुकवर इमोजीला, त्यात रागाच्या लाल तोंडालाही, साध्या लाइकच्या पाचपट वजन होतं. २०२१ मध्ये कंपनीचीच कागदपत्रं बाहेर आली तेव्हा जगाला हे कळलं. तोपर्यंत कंपनीने रागाचं वजन शून्यावर आणलेलं होतं. म्हणजे पाच करणाराही माणूस, शून्य करणाराही माणूस. मधल्या काळात आपण म्हणत होतो, ‘लोक हल्ली फार चिडके झालेत.’

इथून पुढे हसू थोडं कमी येईल.

१ जानेवारी २०२२. नव्या वर्षाच्या सकाळी शंभराहून जास्त मुसलमान बायकांना आपले फोटो एका अ‍ॅपवर ‘लिलावा’ला लावलेले दिसले. पत्रकार, वकील, कार्यकर्त्या, विद्यार्थिनी. ‘बुल्ली बाई’ असं त्याचं नाव, मी ते एकदाच उच्चारतो. ते गिटहबवर ठेवलेलं होतं. गिटहब म्हणजे आम्हा प्रोग्रामर लोकांचं गोदाम, मी रोज सकाळी तिथे हजेरी लावतो. म्हणून ही बातमी मला घरातल्या चोरीसारखी लागली. त्याआधी सहा महिने, जुलै २०२१ मध्ये, असंच दुसरं अ‍ॅप तिथेच आलं होतं. तेव्हाही तक्रारी झाल्या, गुन्हे नोंदले गेले. आणि सहा महिने एकालाही अटक झाली नाही. आरोपी अज्ञात. बातम्यांत ओळखीचं वाक्य, ‘अज्ञात व्यक्तींकडून अ‍ॅप तयार करण्यात आले.’

आता आमच्या धंद्यातली एक गोष्ट ऐका. गिट नावाच्या ज्या साधनावर हे गोदाम चालतं, त्यात एक आज्ञा आहे, तिचं नावच ‘ब्लेम’. ती दिली की प्रोग्रामची प्रत्येक ओळ कुणाच्या नावावर आहे आणि कधी लिहिली हे समोर येतं. नाव खोटं देता येतं, हे खरं. पण खोट्या नावामागे खातं असतं, खात्यामागे ईमेल, ईमेलमागे नंबर किंवा आयपी पत्ता. आमच्या धंद्यात निनावी राहायला फार कष्ट लागतात आणि बहुतेक गुन्हेगार आळशी असतात.

जानेवारीत मुंबई पोलिसांच्या सायबर विभागाने मनावर घेतलं. २ तारखेला गुन्हा, ३ तारखेला बंगळुरूतून एक २१ वर्षांचा इंजिनिअरिंगचा विद्यार्थी ताब्यात. मग उत्तराखंडातून एक मुलगी, वय अठराच्या आसपास. ६ तारखेला दिल्ली पोलिसांनी आसाममधल्या जोरहाटहून अ‍ॅप बनवल्याचा आरोप असलेल्या मुलाला धरलं, तोही २१ वर्षांचा, तोही बी. टेक.चा विद्यार्थी. आणि त्याच आठवड्यात इंदूरमधून पहिल्या, म्हणजे सहा महिन्यांपूर्वीच्या अ‍ॅपचा आरोपीही सापडला. सहा महिने जो अज्ञात होता तो आठ दिवसांत ज्ञात झाला. त्या सहा महिन्यांत कुठल्या नव्या यंत्राचा शोध लागला नव्हता. शोधायचं ठरलं, एवढंच.

त्यातली आणखी एक गोष्ट. पोलिसांनी सांगितलं की आरोपींनी शीख वाटतील अशी खात्यांची नावं वापरली होती. म्हणजे कर्ता लपवणं पुरेसं नव्हतं, वाक्यात दुसराच कर्ता घालून ठेवायचा होता, आपण शिखांवर चिडावं म्हणून. तेव्हा पहिल्या झटक्यात जे नाव दिसतं तेही तपासा. ही मुलं माझ्यासारखीच रात्र-रात्र जागून प्रोग्राम लिहायला शिकलेली. हे मला अजून पचलेलं नाही.

नाव न शोधता हात उचलला की काय होतं? १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात, राईनपाड्याला, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवर नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. भिक्षा मागत फिरणारी माणसं. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल असं केलं. म्हणजे तेही बटण कुणाच्या तरी हातात होतं आणि आधीही होतं.

आणि २ जून २०१४, हडपसर. फेसबुकवरच्या आक्षेपार्ह चित्रांवरून पुणे पेटलं होतं. त्या चित्रांशी काडीचा संबंध नसलेला, सोलापूरहून पुण्यात आयटीत नोकरीला आलेला मोहसीन शेख नमाजहून परतताना मारला गेला. मी पुण्यात त्याच शहरबसने फिरतो, म्हणून त्याच्याबद्दल बोलताना माझा आवाज नीट राहत नाही, माफ करा. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयात आरोपी पुराव्याअभावी निर्दोष सुटले. ‘मोहसीनचा खून करण्यात आला.’ सर, आता सांगा, करणारा कोण?

(इथे थोडा वेळ थांबलो होतो. पुढचं थोडक्यात उरकलं, कारण मगरिबची वेळ होत आली होती.)

शेवटचं वाक्य, ‘इंटरनेट सेवा बंद करण्यात आली.’ कोल्हापुरात ७ जून २०२३ ला हे झालं, मोबाइलवरच्या स्टेटसवरून. आपल्या शेजारी परभणीत डिसेंबर २०२४ मध्ये झालं. अफवा थांबवायला सेवा बंद करतात म्हणे. पण अफवा खंडन करणारी पोस्टही त्याच तारेवरून येते. हळदीच्या सौद्याचे पैसे अडकतात, कॉलेजचा फॉर्म भरायची शेवटची तारीख निघून जाते, आणि अफवा मात्र मोटारसायकलवर बसून गावभर फिरते, तिला टॉवर लागत नाही. कधी काही तास बंद ठेवणं गरजेचं असेलही, मी प्रशासन चालवलेलं नाही. पण १० जानेवारी २०२० ला अनुराधा भसीन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलंय की असे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे ज्याला वाटेल त्याला त्याविरुद्ध दाद मागता येईल. आदेशावर अधिकाऱ्याचं पद आणि सही असते. पुढच्या वेळी आपल्या जिल्ह्यात सेवा बंद झाली, तर ‘नेट कधी येणार’ हे विचारण्याबरोबर ‘आदेशाची प्रत कुठे आहे’ हेही विचारा. दोन-चार वकील या हॉलमध्ये बसलेत, त्यांना जरा काम द्या.

आणि मुलींनो, फोटोचा गैरवापर झाला तर घाबरून खातं लगेच डिलीट करू नका, त्याबरोबर पुरावाही जाऊ शकतो. आधी लिंक उतरवून घ्या, वेळ-तारीख दिसेल असा स्क्रीनशॉट काढा, मग सरकारच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, तिथे बायका-मुलांविरुद्धच्या गुन्ह्यांसाठी वेगळा विभाग आहे. पैशांची फसवणूक असेल तर १९३० हा नंबर, आणि तोही पहिल्या तासात. ठाण्यात कुणी ‘इंटरनेटवरचा माणूस सापडत नाही’ म्हणालं, तर त्यांना जानेवारी २०२२ चा तो आठवडा सांगा.

अम्मी आता मेसेज आला की मला फोन करते आणि पहिलं वाक्य म्हणते, ‘ये भी फॉरवर्डेड का है.’ तिच्या डोक्यात तो कुणी वाया गेलेला नातेवाईक आहे. मी दुरुस्त करत नाही.

आता प्रश्न घेऊ. तिसऱ्या रांगेतल्या ताई मघापासून हात वर करून बसल्यात. आधी त्या, मोबाइल हँग होणारे नंतर.