हौस आणि हिशेब

(जिल्हा महिला मेळाव्यात ‘बाईचं काम, बाईची कमाई’ या सत्रात केलेलं भाषण)



फोटोग्राफीची हौस आहे, तिचा व्यवसाय करावा का, यावर मी बोलावं असं ठरलं. माझा निर्णय अजून पुरता झालेला नाही. विचार कुठवर आलाय, तेवढं सांगते.

तुमच्यापैकी पुष्कळजणी मला ओळखता. मोर्चा असो, शिबिर असो, गळ्यात कॅमेरा अडकवून फिरणारी ती मीच. नोकरी पतसंस्थेत, कारकुनाची. कॅमेरा सेकंडहँड, ३८,००० रुपयांचा, माझ्या भिशीच्या पैशातून घेतलेला. हे मुद्दाम सांगते. घरातली कुठली वस्तू आपल्या पैशाची, हे बाईनं विसरू नये. बाकीचे लवकर विसरतात.

फुकट आहे तोवर हौसेचं सगळ्यांना कौतुक. पुतण्याचं बारसं, जावेचं डोहाळजेवण, शेजारच्या मुलीचा स्थळाला पाठवायचा फोटो, सगळ्याला मी. गेल्या वर्षी एका लग्नासाठी पहिल्यांदा दर सांगितला, तर मुलीच्या आई हसल्याच. “अहो, तुम्ही हौसेनं करता ना?” कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्यालाही फोटोची हौस असेलच की, पण त्याला असं कुणी विचारत नाही. शिवण, स्वयंपाक, आजाऱ्याची उस्तवार यांची जी गत, तीच कॅमेऱ्याची.

ते लग्न मी केलं. १५,००० रुपये ठरले. अल्बमचे ६,००० गेले, मदतीला घेतलेल्या मुलीचे २,००० आणि पेट्रोल व भाड्याची लेन्स मिळून १,४००. उरले ५,६००. हळद आणि लग्न मिळून २६ तास उभी होते. नंतर रात्री जागून फोटो निवडणं, रंग सारखे करणं, अल्बमची पानं लावणं यात २२ तास गेले. म्हणजे ४८ तासांचे ५,६००, तासाला जेमतेम ११६ रुपये. कॅमेऱ्याची झीज यात धरलेलीच नाही. शिवाय आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त जवळजवळ नसतातच. मुद्रा योजनेत २०१५ पासून पन्नास हजारांपर्यंतचं ‘शिशु’ कर्ज तारणाशिवाय मिळू शकतं, म्हणून बऱ्याचजणी मला ते सुचवतात. पण हप्ता श्रावणातही भरावा लागतो. पतसंस्थेत बसून मी हप्ते थकलेली माणसं रोज बघते.

याच सुमारास आमच्या भाऊजींनी सुचवलं, “वहिनी, फोटो तुम्ही काढा, व्यवहार मी बघतो. दुकान माझ्या नावावर काढू.” माणूस वाईट नाही, प्रेमानंच म्हणाले. मला मात्र होमाई व्यारावाला आठवल्या. भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली नवसारीला जन्म, शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत. त्यांचे सुरुवातीचे फोटो छापून आले ते नवऱ्याच्या, माणेकशॉंच्या, नावानं. पुढे दिल्लीत साडी नेसून, जड कॅमेरा घेऊन त्यांनी स्वातंत्र्याच्या काळातले प्रसंग टिपले, १९७० च्या सुमारास काम थांबवलं, आणि पद्मविभूषण मिळालं ते २०११ मध्ये, वयाची सत्त्याण्णव वर्षं उलटल्यावर. वर्षभरात, २०१२ च्या जानेवारीत, त्या गेल्या. मी भाऊजींना नाही म्हटलं. बिलबुक माझ्या नावाचं छापलं. घरात आठ दिवस धुसफूस चालली, ती चालू दिली.

नावाचा विषय निघालाच आहे, तर कायद्याचं एक सांगते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार फोटोचा कर्ता म्हणजे तो काढणारी व्यक्ती. पण कुणी पैसे देऊन आपल्याकडून फोटो काढून घेतला आणि वेगळा करार केला नाही, तर त्या फोटोचा पहिला मालक पैसे देणारा ठरतो. म्हणून ऑर्डर घेताना कागद हवाच. नवरीचा फोटो मला नमुना म्हणून दाखवता येईल का, हेही त्यातच लिहायचं, आणि तिला विचारूनच. फोटो विकला, हक्क दिले, तरी ‘हा मी काढला’ असं म्हणायचा हक्क काढणारीकडे राहतो. आता हे ऐकून रागावू नका. आपल्या संघटनेच्या पत्रकांवर, दिनदर्शिकेवर माझे फोटो कित्येकदा छापले गेले. खाली नाव एकदाही नाही. मागितलंत तेव्हा मी आनंदानं दिले, पुढेही देईन. पण घरकामाला दाम नाही म्हणून आपण घोषणा देतो, तेव्हा आपल्या दारातलंही बघायला हवं.

रात्रीचा प्रश्न वेगळाच. हळदीचा डीजे उशिरापर्यंत चालतो, पिऊन नाचणारे अंगावर येतात, परतीला एसटी नसते. मदतीच्या मुलीची जबाबदारीही माझ्यावरच. दुसरीकडे, नवरी नटत असते त्या खोलीत बायकांना बाईच फोटोग्राफर हवी असते. तिथे मला दर पाडून मागत नाहीत.

मनाला खरं लागतं ते वेगळंच. मी हौसेनं काढते ते ऊसतोडीच्या बायकांचे, गुऱ्हाळावरच्या हातांचे फोटो. ऑर्डरीत तसलं काही नाही. त्या लग्नात नवरीची विधवा आत्या ग्रुप फोटोच्या वेळी मागे सरकली, तिला मी हाताला धरून नवरीशेजारी उभं केलं. अल्बमची पानं निवडताना घरच्यांनी नेमका तोच फोटो काढायला सांगितला. काढला. पैसे त्यांचे होते. त्याची एक प्रत मी आत्याबाईंना घरी नेऊन दिली.

तेव्हा सध्या ठरलंय ते एवढं. नोकरी सोडायची नाही. येत्या लग्नसराईत चारच लग्नं, तीही वीस हजारांच्या खाली नाहीत. अर्धी रक्कम आगाऊ, परतीची गाडी यजमानांची, सगळं लेखी. चातुर्मासात बचत गटांच्या मसाल्या-लोणच्यांचे फोटो, दिवसाच्या उजेडात. सराई संपली की वही उघडून पुन्हा हिशेब मांडीन. तासाचे दोनशेही सुटत नसतील तर लग्नं बंद.

दरपत्रक मागच्या टेबलावर ठेवलंय. संघटनेसाठी दर निम्मा आणि फोटोखाली नाव, असं त्यात लिहिलंय. कार्यकारिणीनं त्यावर आज संध्याकाळच्या बैठकीत बोलावं, मी थांबणार आहे.